मदत हवी आहे: हावडा पूल मावळतीला कसा टिपायचा?

मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याला चाललेय. एकच संध्याकाळ हाताशी आहे आणि हावडा पूल काढायचाय. 1943 साली सुरू झालेला, सुमारे 26,500 टन पोलादाचा सांगाडा, नटबोल्टांऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेला. मला त्या रिव्हेटांच्या रांगा दिसायला हव्यात, नुसती काळी आकृती नको.

सराव म्हणून परवा दादर चौपाटीवरून सी लिंक काढला. आभाळ झकास केशरी आलं, पण केबल कोळशासारख्या! एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) वाढवलं तर सूर्याच्या जागी पांढरं भगदाड. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो जोडावेत, की सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबावं?

दुसरं म्हणजे जागा. थंडीत सूर्य नैऋत्येकडे कलून मावळतो. मग तो पुलामागे हवा असेल तर कोलकात्याच्या काठावर पुलाच्या उत्तरेला, अहिरीटोला घाटाकडे उभं राहायचं ना? मल्लिक घाटाचा फूलबाजारही सोडवत नाहीये, पण तो दक्षिणेला. तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो (आपली तेव्हा चहाची वेळ), त्यामुळे दोन्हीकडे धावाधाव जमणार नाही.

लेन्स 18-55 मिमी एवढीच आहे. ट्रायपॉड वागवत नेऊ का?