माथेरानमध्ये मुलांना आणि ज्येष्ठांना झेपेल अशी जंगलवाट कोणती?

प्रश्न:
आमच्यासोबत सहा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत. दिवाळीनंतर माथेरानला जाण्याचा विचार आहे. फारसा चढ-उतार नसलेली, सावलीतून जाणारी वाट कृपया सुचवावी.

उत्तर १:
दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी असल्याने बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर अंतर चालत किंवा घोड्यावरून जावे लागते, मात्र सासूबाईंना अमन लॉज स्थानकातून मिनी ट्रेनने नेता येईल. बाजारातून शार्लोट तलावाकडे जाणारी वाट दाट झाडीतली आहे. तलावाकाठी सासूबाईंना निवांत बसता येईल आणि इतरांनी लुईझा पॉइंटपर्यंत जाऊन समोरचा प्रबळगड पाहून यावे.

उत्तर २:
सहमत आहे, परंतु लुईझा पॉइंटच्या कड्यापाशी मुलीचा हात क्षणभरही सोडू नये. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडे ती हिसकावून नेतात. आमच्या चकल्या तशाच गेल्या. जांभ्याची तांबडी धूळ मोज्यांत इतकी मुरते की दोन धुण्यांनंतरही ती निघत नाही, तेव्हा पांढरे कपडे घरीच ठेवावेत.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पॅनोरमा पॉइंट बाजारापासून बराच लांब असल्याने तो या खेपेस वगळते.