झेब्रा क्रॉसिंगलगत उभी असलेली वाहने : इंदूरकरांचे अनुभव

क्रॉसिंगला खेटून उभ्या केलेल्या वाहनांमुळे रस्ता ओलांडताना आपणांस काय अनुभव आले, ते येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून क्रॉसिंगच्या अलीकडे, म्हणजे वाहने जिकडून येतात त्या बाजूला, २० फुटांच्या आत गाडी उभी केल्यास दंड होऊ शकतो. आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांनुसार पादचारी क्रॉसिंगवर वाहन उभे करण्यास मनाई आहे. मात्र खरा प्रश्न त्याच्या अलीकडच्या जागेचा आहे.

रामबाग, निवृत्त शिक्षिका
यजमानांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही दोघे सावकाश चालतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जात असल्यामुळे फुटपाथवरून उतरताना प्रथम उजवीकडे पाहावे लागते, आणि आमच्या नेहमीच्या क्रॉसिंगला नेमका उजव्या हातालाच मालाचा टेम्पो उभा असतो. पलीकडचे काही दिसावे म्हणून टेम्पोच्या कडेपर्यंत, म्हणजे धावत्या वाहनांच्या वाटेतच, जाऊन डोकवावे लागते. यजमानांना चटकन मागे सरता येत नाही, म्हणून आधी मी पुढे होते. रस्ता ओलांडण्यापेक्षा हे डोकावणेच मला अधिक धोक्याचे वाटते.

पलासिया, रोज कारने कामावर जाणारा
ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी कार सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंतच साधारण एक सेकंद निघून जातो. गेल्या पावसाळ्यात उभ्या जीपच्या आडून एक लहान शाळकरी मुलगी एकदम समोर आली. जवळ शाळा असल्यामुळे मी वेग आधीच कमी केला होता, म्हणून गाडी वेळेत थांबली. ती जीपच्या बॉनेटपेक्षाही ठेंगणी होती. कितीही सावध चालक असता तरी त्याला ती दिसली नसती. तेथे २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर, जागा मोकळी असती तर ती फुटपाथवर उभी असतानाच माझ्या नजरेस पडली असती. शाळांजवळच्या क्रॉसिंगपासून तरी ही सुरुवात व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

सुदामानगर, गृहिणी
आमच्याकडे क्रॉसिंगचे पट्टेच पुसले गेले आहेत, त्यामुळे तेथे गाडी लावणाऱ्याला काही सांगायला जावे तर तो "क्रॉसिंग आहे कुठे?" असे विचारतो. आधी पट्टे रंगवावेत.

जेल रोड, दुकानदार
दारासमोरची एका गाडीची जागा गेली की धंद्याला फरक पडतो, हे मी नाकारत नाही. परंतु गाडी कोठेही लावली तरी गिऱ्हाइकाला शेवटी रस्ता पायीच ओलांडावा लागतो, आणि भर गर्दीत वयस्कर माणसे पलीकडेच थांबून राहिलेली मी दुकानातून पाहतो. माझी एवढीच सूचना आहे की नुसती रेघ मारून भागणार नाही. बाजारात मोकळी जागा दिसली की आधी तेथे दुचाकी लागते आणि मग ठेला. त्यामुळे त्या ६ मीटरांत गुडघाभर उंचीचे खांब बसवावेत, म्हणजे वाहन आत येणार नाही आणि नजरही अडणार नाही.