शब्दचर्चा: मानवी तस्करी, सर्व्हायव्हर, सुटका... पत्रकात काय लिहू?

कडुलिंब
एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करतेय, वाचणार आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आठवी-नववीची मुलं. विषय लहान मुलींना (मुलग्यांनाही, ते आपण कायम विसरतो) धंद्याला लावणं आणि त्यातून बाहेर आलेल्यांना आधार. गाडी तीन शब्दांवर अडलीये, चाइल्ड ट्रॅफिकिंग, सर्व्हायव्हर (यातून तगून बाहेर आलेली) आणि ॲडव्होकसी (तिच्या बाजूने लढणं). 'बाल लैंगिक तस्करी' लिहून बघितलं तर सोन्याची बिस्किटं आणि चंदनच डोळ्यासमोर येतंय. सुचवा ना प्लीज.

जुना वार्ताहर
सरकारी शब्द 'अनैतिक मानवी वाहतूक', पोलिसांचा कक्षच त्या नावाचा आहे. नवख्या माणसाला वाटतं आरटीओचं काहीतरी असेल. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत कलम 23 ला 'माणसांचा अपव्यापार' आहे, शब्द चांगलाय पण बोलताना कुणाच्या तोंडी ऐकला नाही.
'तस्करी' म्हटलं की बॉर्डर दिसते, रात्रीचा ट्रक दिसतो. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला फौजदारी कायदा) कलम 143 ला यातलं काही लागत नाही. धाकाने, फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी कुणाला कामावर घेतलं, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या ताब्यात दिलं किंवा स्वतः ताब्यात घेतलं, यातलं एक झालं तरी गुन्हा, आणि तिची संमती होती का नव्हती याला काही अर्थ नाही. बरेचदा नेणारी बाई ओळखीचीच असते, 'मुंबईत घरकाम आहे, राहून-खाऊन पगार' सांगणारी. तुम्ही सरळ 'फसवून नेणं आणि विकणं' लिहा, लांबलं तर लांबलं.
आणि 'फूस लावून पळवलं' टाळा हां. एफआयआरमध्ये सर्रास असतं, पण वाचणाऱ्याला वाटतं पोरगी प्रेमात पडून गेली, मग गावात तिच्याच नावाने बोंब.

शेवग्याची शेंग
पेपरात अजूनही 'बालवेश्या' दिसतो तो आधी हद्दपार करा. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये लिंगभावाच्या साचेबद्ध शब्दांवर हँडबुक काढलं, सरन्यायाधीश चंद्रचूड होते तेव्हा, त्यात हा शब्द वापरू नका, 'जिचा अपव्यापार झाला ते मूल' म्हणा असं स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'चाइल्ड पॉर्नोग्राफी'वरही कोर्टाने हेच केलं, त्याला मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य म्हणायचं. मराठी पेपरांच्या डेस्कवर हे पोचलंय का कोण जाणे!

जुना वार्ताहर
डेस्कवर वेळ कुणाला असतो हो. छाप्याची बातमी म्हणजे ठरलेला साचा, 'बनावट ग्राहक पाठवून खात्री केली, सापळा रचला, दोन अल्पवयीन मुलींची सुटका, सुधारगृहात रवानगी'. नावं आणि पत्ता बदलला की झाली बातमी.

शेवग्याची शेंग
हो ना, आणि त्यातला 'ग्राहक' मला सगळ्यात जास्त खटकतो! म्हणजे भाजी घ्यायला आला होता का तो? मुलगी अठराच्या आतली असली की पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा कायदा) तिच्या संमतीला काहीच किंमत नाही, पैसे दिले म्हणून अत्याचाराचा व्यवहार होत नाही. न्याय संहितेत कलम 144 वेगळं आहेच, मूल असं विकलं गेलंय हे माहीत असून शोषण करणाऱ्याला किमान पाच वर्षं. पत्रकात त्याला गिऱ्हाईक, ग्राहक काही म्हणू नका, 'अत्याचार करणारा' लिहा. दलाल आणि घरवालीला (कुंटणखाना चालवणारी) नाव आहे, हाच तेवढा बिनचेहऱ्याचा सुटतो.

पागोळी
मी मुलींच्या बालगृहात काम करते, कुठल्या ते सोडा. वर 'सुटका' आणि 'रवानगी' एकाच वाक्यात आलेत ते बघा, रवानगी आपण कैद्याची करतो. 'सुधारगृह' तर नकोच, तिने काय बिघडवलंय सुधारायला? अठराच्या आतल्या मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेतात, ती समिती बालगृहाचा आदेश देते, एवढं लिहिलं तरी आईबापांची निम्मी भीती जाते.
'सुटका झाली' म्हणजे गोष्ट संपली असंही वाटायला लागतं. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईच्या लालबत्ती वस्त्यांवर मोठे छापे पडले, शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यात नेपाळच्या खूप होत्या आणि त्या कित्येक महिने इथल्या गृहांत अडकून पडल्या, शेवटी तिकडच्या संस्थांनी पुढे होऊन परत नेलं. मी 'बाहेर काढलं' म्हणते.
सर्व्हायव्हरला कोर्टाच्या कागदात 'पीडित मुलगी' असतं, ते तिथे असू दे, भरपाईला लागतं. पण आमच्याकडे एकीने बारावीचा फॉर्म भरताना पालकांच्या रकान्यात संस्थेचं नाव लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं, आणि मला म्हणाली ताई वर्गात 'संस्थेतली मुलगी' म्हणतात तेवढं नको. तिला पीडिता काय नि वीरांगना काय, दोन्ही नकोत. त्या हँडबुकातही हेच आहे ना, व्हिक्टिम की सर्व्हायव्हर ते जिचं तिने सांगावं.

कडुलिंब
मग सर्व्हायव्हरला 'तगलेली' कसं वाटतं? 'वाचलेली' म्हटलं की अपघात वाटतो.

पागोळी
तगलेली छान आहे पण पत्रकात 'यातून बाहेर आलेल्या मुली' पुरे. नाव, शाळा, गाव, फोटो काही छापू नका, चेहरा ब्लर करूनसुद्धा नको, पोक्सोच्या कलम 23 ने ओळख उघड करायला बंदी आहे.

खारी बटर
ॲडव्होकसी राहिलं. 'वकिली' लिहिलंत तर लोक फी विचारतील. संस्थावाले 'जनवकिली' म्हणतात, काहीजण हिंदीतून 'पैरवी' घेतात. मी 'पाठपुरावा' म्हणेन, पोलीस ठाणं, समिती, कोर्ट, भरपाईचा अर्ज, सगळीकडे खेटे घालणं त्यात येतं. आपल्याकडे अत्याचार झालेल्यांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे तिचं नाव जरूर टाका, मराठी आहे आणि लोकांच्या तोंडात बसलंय. कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्था तिथल्या बायकांच्या मुलांना रात्री सांभाळायची सोय करते, धंद्याच्या वेळी पोरं सुरक्षित राहावीत म्हणून, त्याला 'नाइट केअर सेंटर' कशाला, 'रात्रीचं पाळणाघर' लिहा.

कडुलिंब
घेतलं सगळं. 'पुनर्वसन' ठेवू का? मला कोयनेचे धरणग्रस्तच आठवतात.

पागोळी
ठेवा, पण खाली लगेच शिक्षण, समुपदेशन, नोकरी, राहायला जागा असं फोडून लिहा, नाहीतर लोकांना वाटतं लग्न लावून दिलं की झालं. आणि 1098, मुलांची हेल्पलाइन, मोठ्या अक्षरात, पहिल्याच पानावर.