शब्दचर्चा : डमी, फिक्स्ड, स्टब – तिन्ही ‘खोटे’च का?

प्रश्न : पुण्यात कॉलेजातल्या ज्युनिअर मुलांसाठी एम्बेडेड लिनक्सच्या मराठी नोट्स काढतोय. डमी रेग्युलेटर, फिक्स्ड रेग्युलेटर (रेग्युलेटर म्हणजे ठरावीक व्होल्टेजची वीज पुरवणारा भाग) आणि स्टब, तिन्हींना ‘खोटा’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : नका लिहू. फिक्स्ड रेग्युलेटर मुळीच खोटा नाही. बोर्डावर ३.३ व्होल्टचा सप्लाय खरोखर असतो, फक्त सॉफ्टवेअरला त्याचं व्होल्टेज बदलता येत नाही. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या वर्णनात, तो ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ म्हणून नोंदवणं हे हार्डवेअरचं खरं वर्णन झालं. त्याला ‘स्थिर’ म्हणा.

डमी निराळा. ड्रायव्हरने (एखादं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने) सप्लाय मागितला आणि डिव्हाइस ट्रीत तो जोडलेलाच नसला, की लॉगमध्ये ‘सप्लाय व्हीसीसी नॉट फाउंड, युझिंग डमी रेग्युलेटर’ अशी ओळ येते. पुढे ड्रायव्हर ‘चालू कर’ म्हणतो, डमी ‘केलं’ म्हणतो, आणि बोर्डावर काहीच हलत नाही. नामधारी सरपंचच तो. मी ‘नामधारी’च लिहीन.

दुसरे सदस्य : पण ती ओळ येऊनही आमचा बोर्ड व्यवस्थित चालतो.

उत्तर : चालतो, कारण बहुतेकदा तो सप्लाय कायम चालू असतो किंवा बूटलोडरने (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) आधीच चालू केलेला असतो. गोची या दुसऱ्या प्रकारात आहे. समजा सेन्सरला वीज देणारा एलडीओ (एका प्रकारचा रेग्युलेटर) डिव्हाइस ट्रीत आहे, पण सेन्सरच्या नोंदीत ‘व्हीसीसी-सप्लाय’ लिहायचं राहिलं. सेन्सरचा ड्रायव्हर नामधारी रेग्युलेटर धरून बसतो आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) हिशेबी खऱ्या एलडीओला गिऱ्हाईकच उरत नाही. बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी कर्नल असे बिनवापराचे रेग्युलेटर बंद करतो, लॉगमध्ये ‘डिसेबलिंग’ दिसतं. तोवर रीडिंग छान येत असतात, मग आय-टू-सीवर (सेन्सरशी बोलायच्या तारांवर) सेन्सर उत्तरच देत नाही. नवी मुलं ड्रायव्हर उकरत बसतात, चूक मात्र वर्णनात असते. म्हणून नोट्समध्ये ‘नामधारी’ शब्दाशेजारीच ही लॉगची ओळ द्या, अगदी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : आणि स्टब?

उत्तर : ‘पोकळ फंक्शन’. त्याचा बोर्डाशी संबंध नाही. कॉन्फिगमध्ये (कर्नल बनवतानाच्या निवडींत) रेग्युलेटरचा भाग बंद असला तरी ड्रायव्हर कंपाइल व्हावा म्हणून ते हेडरमध्ये असतं. ‘रेग्युलेटर_एनेबल’चं पोकळ रूप शून्य, म्हणजे यश, परत करतं, ‘रेग्युलेटर_गेट_एक्स्क्लुझिव्ह’चं मात्र ‘ईनोडेव्ह’ (असं उपकरण नाही) हा एरर. प्रत्येकापुढे काय परत येतं ते लिहाच.