राजशक, मेइजी, व्हिक्टोरियन: एकाच जातीचे का?

जिज्ञासू
व्हिक्टोरियन, एडवर्डियन ही नावं गादीवरच्या व्यक्तीवरून पडली. जपानचा मेइजी काळ आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक, म्हणजे राजशक, त्याच माळेतले का? शिवाय जुन्या पत्रातला राजशक इसवीत आणताना माझं एक वर्ष चुकतंय.

रुमालवाचक
आधी राजशक. आरंभ ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. महाराजांच्या पश्चातही तो चालूच राहिला, म्हणजे एका राजवटीचा नव्हे. वर्ष पाडव्याला बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध १३ला बदलतं. चूक इथेच होते. त्या तिथीपासून फाल्गुनअखेर १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो, चैत्रापासून ज्येष्ठ शुद्ध १२पर्यंत १५९६. इसवीसाठी ज्येष्ठ शुद्ध १३ ते डिसेंबर १६७३, जानेवारीपासून पुढे १६७४.

ताळा संवत्सराच्या नावावरून घ्या. राजशक २०चा फाल्गुन म्हणजे शके १६१५, श्रीमुख, इसवी १६९४. पुढच्याच महिन्यात, चैत्रात, राजशक २०च राहतो पण संवत्सर भाव होतं. नाव जुळलं नाही तर बहुधा आकडाच चुकीचा वाचलाय.

आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची तारीख. आताच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने १६ जून. दोन्ही एकाच यादीत मिसळू नका.

पंचांगी
जपानात व्हिक्टोरियनच्या नेमकं उलटं. तिथे काळाचं नाव आधी ठरतं, ते सम्राटाला मृत्यूनंतर लागतं. सम्राट मुत्सुहितो 'मेइजी' झाला तो १९१२मध्ये वारल्यावर. एका सम्राटाला एकच नाव हा नियमही १८६८पासूनचा, त्याआधी मध्येच बदलत. इसवीसाठी आताच्या रेइवा काळाच्या वर्षात २०१८ मिळवा, त्याआधीच्या हेइसेइत १९८८, त्याच्याही आधीच्या शोवात १९२५. नाव बदललं त्या वर्षाचे दोन तुकडे पडतात: ३० एप्रिल २०१९ हेइसेइ ३१, दुसऱ्या दिवशी रेइवा १. शोवा ६४ तर सातच दिवसांचं.

जिज्ञासू
सापडलं! माघातल्या पत्राला मी १६७३ मिळवत होतो. मग व्हिक्टोरियन?

रुमालवाचक
ती नुसती नावाची चिठ्ठी, सोयीने चिकटवलेली. राजा एडवर्ड १९१०मध्ये वारला, तरी 'एडवर्डियन' काळ बरेच जण १९१४पर्यंत ताणतात. राजाच्या राज्यवर्षांची खरी मोजणी ब्रिटिश संसदेच्या कायद्यांवर असे, १९६२पर्यंत. त्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचं १६६० हे बारावं वर्ष! गादी तेव्हा मिळाली, पण वर्षं बापाचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून, ३० जानेवारी १६४९पासून धरली. मधली प्रजासत्ताकाची वर्षं हिशेबात जणू झालीच नाहीत.