पाहुणे नसताना पाहिलेलं कोल्हापूर

शाहूपुरीतून

आपल्याकडं पन्हाळा-जोतिबा म्हणजे पाहुण्यांना दाखवायच्या जागा. पुण्याची मावसबहीण आली की अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, दुसऱ्या दिवशी पन्हाळा. पाहुणे गेले की गाडीवर परत कव्हर. २०२५ च्या सुरुवातीला आम्ही दोघांनी ठरवलं, वर्षभर मुक्कामाची सहल नाही. सकाळी निघायचं, रात्रीच्या जेवणाला घरी. (गोव्याचे वाचलेले पैसे कुठं गेले विचारू नका. पेट्रोल आणि कांदाभजी.) तुमचंही वर्ष असंच गेलं असेल तर लिहा, सुरुवात मी करते.

पन्हाळ्यावर मी तीसेक वेळा गेले असेन, पण दरवेळी तीन दरवाज्याजवळ झुणका-भाकर खाऊन उतरायचं. फेब्रुवारीत एका मंगळवारी पहिल्यांदा अंबरखाना नीट पाहिला. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठीच्या दोन्ही अंगांनी पायऱ्या वर जातात आणि छताला भोकं आहेत, वरून धान्य ओतायला. आत अंधार, आणि त्या भोकातून उन्हाची एक काठी थेट जमिनीवर टेकलेली. हे तिच्याखाली हात धरून लहान पोरासारखे उभे. जुलैत पन्हाळा आणखी ११ किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतरच्या रविवारी नाक्यापासून गाड्यांची रांग बघितली आणि वाटलं, फेब्रुवारीत उरकलं ते बरं.

मंगळवार पेठ

आमचं लई साधं. दरवर्षी पावसाळ्यात दोस्त मंडळी राऊतवाडीच्या धबधब्यावर. भिजायचं, कणसं खायची, माघारी. यंदा आजोबा म्हणाले, "मला पण ने की." वय ८१. त्यांना धबधब्यावर काय नेणार, म्हणून राधानगरीला नेलं, लांबनंच धरण बघाय.

मी समजत होतो दरवाजे उघडायला कोणतरी बटण दाबतंय. तसलं काय नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उचलतोय, पाणी उतरलं की आपला आपण बसतोय. असे सात हाईत. पावसाळ्यात "राधानगरीचा अमुक नंबर उघडला" म्हणून मोबाईलवर आलं की आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी कुठवर चढणार ह्याचा हिशेब चालू होतोय, पण तो दरवाजा कधी बघितलाच नव्हता. आजोबा छत्री मिटून भिजत उभं. म्हणाले, "शाहू महाराजांनी लेकीच्या नावानं गाव वसवलं, आणि पाणी दिलं सगळ्यांच्या लेकींना." येताना त्यांना ताप आला आणि घरात मला शिव्या बसल्या. पुढच्या वर्षी परत नेणार, पण रेनकोट घालून.

राजारामपुरी

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र बरोबर मंडपावर येतो म्हणून तेव्हा सगळे जातात. मी शाळेला सुट्टी होती तेव्हा, भर दुपारी, मुलाला घेऊन एसटीने गेले. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, गोल उघडं आकाश. खाली रंगशिला नावाची गोल शिळा आणि भोवती खांबांची वर्तुळं, सगळे मिळून ४८. मुलाने शिळेवरच्या उन्हाच्या कडेला पेन्सिल ठेवली. डबा खाऊन होईपर्यंत ऊन पेन्सिलीच्या पुढे चार बोटं सरकलं होतं. पृथ्वी फिरते हे मी वर्गात १४ वर्षं शिकवतेय, पण इतक्या स्वस्तात कधी दाखवता आलं नाही.

देवळासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मग तिकडे जाऊया." तिथे जाणं राहूनच गेलं, कारण परतीची एसटी चुकली. कुरुंदवाडपर्यंत दुधाच्या गाडीतून आलो, कॅनच्या मधे बसून. नृसिंहवाडीला उतरून कवठाची बर्फी घेतली तेव्हा कुठे चिरंजीव बोलायला लागले.

कसबा बावडा

मी एकटीच लिहिते, कारण माझ्याबरोबर फक्त नात होती. आम्ही दोघी रेल्वेनं मिरजेला गेलो. काही काम नव्हतं. रुकडीचा पूल आला की तिनं खिडकीला नाक लावायचं, एवढंच ठरलेलं. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो. एका दुकानात वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले. "आजी, एवढ्यांची भाजी करणार?" आतले कारागीर हसले, तिला जवळ बोलावून एका भोपळ्यावर टिचकी मारायला लावली. मग तयार तंबोऱ्याची तार छेडून दाखवली. परतीच्या गाडीत तिनं पाण्याच्या बाटलीपासून माझ्या डोक्यापर्यंत सगळ्यावर टिचक्या मारल्या.

उचगाव

सगळ्यांचं छान चाललंय, म्हणून माझी तक्रार. मसाई पठारावर सप्टेंबरमध्ये गेलो, गाडी चिखलात रुतली, ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढायचे ८०० घेतले. फुलांपेक्षा रील करणारी माणसं जास्त. आणि खरं सांगू? मुक्काम नसेल तर ती सहल नव्हेच. रात्री गाद्या टाकून गप्पा मारल्याशिवाय मजा नाही.

शिवाजी पेठ

माझे गुडघे गेलेत, त्यामुळे गड-पठार तुम्हालाच लखलाभ. घरापासून अंबाबाईचं देऊळ चालत दहा मिनिटं. वय ६८, आणि किरणोत्सव एकदाही पाहिला नव्हता. "आपलंच तर देऊळ, बघू पुढच्या वेळी" करत जन्म गेला. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर यायची असतात. नोव्हेंबरात तिसऱ्या दिवशी मी दुपारपासून खांबाला टेकून बसलो. किरणं महाद्वारातून आत आली, फरशीवरून सरकत गेली, सगळं देऊळ गप्प. आणि ढग आला. शेजारच्या माणसाने घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. काही मिनिटांत सगळं मावळलं.

आता ३१ जानेवारीपासून पुन्हा तीन दिवस. डब्यात थालीपीठ घेऊन जाणार आहे. कुणी येणार असेल तर सांगा, टेकायला तो खांब चांगला आहे.