अनुभव धागा : सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

गाडी चालू न होण्याचे, त्यातही करंटच्या भानगडीचे, आपापले अनुभव इथे लिहा अशी विनंती. स्वार्थ माझाच आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून.

पेट्रोल गाडी, अकरा वर्षांची. सकाळी पहिल्या सेल्फला चालू, तक्रारीला जागा नाही. पण पुण्याहून निघून खंबाटकी चढलो, सुरूरला चहाला थांबलो, की संपलं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर इंजिन गरागरा फिरतं, पण पकडत नाही. पाऊण तास झाडाखाली बसायचं. मग जणू काही घडलंच नव्हतं अशी चालू होते. वर्कशॉपमध्ये नेली की तिथे पोचेपर्यंत शहाणी झालेली असते, त्यामुळे मलाच वेड्यात काढतात. आतापर्यंत बॅटरी, प्लग आणि पेट्रोल पंप बदलून झालाय, अठरा हजार गेले. सेल्फ एवढा जोरात फिरत असताना बॅटरी का बदलली, हे कृपया विचारू नका. बायकोने विचारून झालंय.

वायरमनचा मुलगा, नाशिक

तरी विचारतोच, कारण माझ्या वडिलांनी हाच प्रश्न चाळीस वर्षं विचारला. ते ऑटो इलेक्ट्रिशियन. गिऱ्हाईक आलं की बोनेट उघडायच्या आधी त्यांचा सवाल असायचा, "सेल्फ फिरतो का नाही, तेवढं सांगा." फिरत नसेल तर एक रस्ता, फिरून पकडत नसेल तर दुसरा. हे दोन रस्ते एकमेकांत मिसळले की पैसे जातात.

सेल्फ फिरतच नसेल तर हेडलाइट लावून किल्ली मारायची. दिवे पार विझले तर बॅटरी बसलेली किंवा टर्मिनलला लुज काँटॅक्ट. दिवे तसेच लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही : किल्लीचा स्विच, रिले, क्लचखालचा स्विच. ऑटोमॅटिक असेल तर एकदा न्यूट्रलला टाकून बघा, फुकटातला उपाय आहे. नुसतं टकटकटकटक वाजतं तेव्हा बहुतेक वेळा बॅटरीत जीव नसतो.

मीटर असेल तर आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धपोटी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, नाहीतर अल्टरनेटरकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे, वळा.

एका व्यापाऱ्याच्या गाडीला वर्षात दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या. वडिलांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे पाव व्होल्टच्या आत काटा राहायला हवा, इथे दोन व्होल्ट. म्हणजे इंजिनची अर्थिंगची पट्टी कुजलेली. वरून काळी चकचकीत, आत हिरवी भुकटी. पट्टी नवी टाकली, आणि जुनी काढलेली बॅटरी त्या माणसाने पुढे दीड वर्ष वापरली.

पावसाळी, चिपळूण

आमच्याकडे जुलैत गाडीसुद्धा भिजलेल्या माणसासारखी कुडकुडते. मामांची जुनी गाडी होती, डेल्कोवाली (डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डबा). पावसात सकाळी नुसती घरघर. दिवसा काहीच कळेना. एकदा रात्री अंधारात बोनेट उघडून मामांनी मला सेल्फ मारायला लावला, आणि डेल्कोच्या टोपीवर निळ्या ठिणग्या मुंग्यांसारख्या धावताना दिसल्या. टोपीला केसाएवढी चीर होती. तिच्यात ओल आणि कार्बन बसून करंट प्लगला जायच्या आधीच बाहेर पळत होता. आजीने ती टोपी चुलीच्या वैलाशेजारी वाळवली, आत कोरडा फडका फिरवला, गाडी चालू. नवी टोपी मिळेपर्यंत आठ दिवस रोज सकाळी भाकरीच्या आधी टोपी वाळत असे.

नव्या गाड्यांत डेल्कोच नाही, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी स्वतंत्र कॉइल. तिथे प्लगच्या खळग्यात पाणी साचलं की तोच प्रकार. इंजिनवर पाइपने पाणी मारून धुणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

गुळाची ढेप, कोल्हापूर

आमचं लई सोपं. सेल्फ एकदाच 'टक्' करायचा आन् गप. दिवे झकास. एस.टी.तनं रिटायर झालेलं शेजारचं काका आलं, गाडीखाली वाकलं, पान्याच्या दांड्यानं सेल्फच्या बॉडीवर हळू दोन टोले दिलं आन् म्हणालं, मार आता. झाली की चालू! आतली कार्बन ब्रश झिजून अडकल्याली. काका म्हणालं, "ह्यो उपाय न्हवं, ह्यो निरोप हाय. उद्या ब्रश टाक." मी टाकली न्हाईत. चौथ्या दिवशी भर लग्नाच्या वरातीत गाडी अडली, नवरदेवासकट.

पॉइंट गॅप, मुंबई

जुन्या गाड्यांचा शौक आहे म्हणून थोडं लांबण लावतो. सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी मरतं, असं कधी झालंय? मी यात दोन रविवार घालवले. कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोलची टाकी धुतली. दोष होता कॉइलच्या आधीच्या बॅलास्ट रेझिस्टरमध्ये. सेल्फ मारताना कॉइलला करंट बगल देऊन थेट मिळतो, किल्ली सोडली की या रेझिस्टरमधून. तो तुटला की नेमकं असंच होणार. उलटंही होतं : सेल्फ फिरेपर्यंत काही नाही, किल्ली सोडताना शेवटच्या घेरीला इंजिन पकडतं. म्हणजे बगलेची वायर किंवा किल्लीचा स्विच गेला. ही दोन लक्षणं कळली की अर्धा दिवस वाचतो.

पॉइंटचं, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं म्हणाल तर, गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. रस्त्यात फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तेव्हा जाड व्हिजिटिंग कार्डावर भागवलंय. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंटला जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर बघा. असे पॉइंट असलेल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, आणि माझ्या ओळखीतला डोळ्यांच्या अंदाजाने पॉइंट लावणारा मिस्त्री आता गावी आंब्याची कलमं बांधतो.

एक सूचना. प्लग काढून इंजिनला टेकवून ठिणगी बघायची जुनी रीत नव्या गाड्यांवर करू नका. तिथे वीस-तीस हजार व्होल्टचा मामला असतो, माणूस दचकतो आणि गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. ठिणगी बघायचं टेस्टर मिळतं, ते घ्या.

दुसरी किल्ली, ठाणे

डॅशबोर्डवर छोट्या किल्लीचं चित्र लुकलुकत होतं, ते मी आठ दिवस पाहत होते. घरातल्या जाणकारांनी सांगितलं, काही नसतं ते. नवव्या दिवशी इंजिन चालू होऊन दोन सेकंदांत बंद, असं दहा वेळा. कपाटातली दुसरी किल्ली लावली, लगेच चालू. गाडीला किल्लीची ओळख पटवणारी पहिल्या किल्लीतली चिप गेली होती. तिला सेल लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून उपयोग शून्य. जाणकार सध्या गप्प आहेत.

उंदीरमामा, सांगली

इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीची, वायर कुरतडली. दोनदा. डांबरगोळ्या ठेवल्या, तर त्यांच्या शेजारीच घरटं केलं.

हिमगौरी, सॅस्काटून (कॅनडा)

इकडे उणे तीस म्हणजे जानेवारीतला नेहमीचा मंगळवार. पहिल्या हिवाळ्यात मी पुण्याच्या हिशेबाने बॅटरी निवडली, म्हणजे किंमत बघून. बॅटरीवर सीसीए म्हणून एक आकडा असतो. उणे अठरा अंशांत ती तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते, त्याचा तो हिशेब. पुण्यात तो आकडा कोणी वाचत नाही, इथे तोच आधी वाचतात. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, दोन्हीकडून मार. गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबते, ती रात्री खांबावरच्या प्लगला लावून इंजिन ऊबदार ठेवायचं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "गाय बांधल्यासारखी बांधलीयेस गं."

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना शेवटचा काळा चिमटा बसलेल्या बॅटरीवर लावू नका, लांब इंजिनच्या लोखंडावर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास पडते.

बंद पार्किंग, पुणे

२०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांच्याच बॅटऱ्या बसल्या, पण माझी नंतरही दर चार दिवसांनी बसायची. मीटर निगेटिव्हच्या वायरीत मध्ये जोडून, दारं बंद करून तासभर थांबलो. गाडी झोपायला वेळ लागतो, लगेच मोजलं तर आकडा फसवा येतो. पन्नास मिलीअँपिअरच्या आत असायला हवा, माझा साडेतीनशे. एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशकॅम! हौसेने मीच बसवलेला.

वायरमनचा मुलगा, नाशिक

धागाकर्ते, तुमचं विसरलो नाही. पुढच्या वेळी सुरूरला अडाल तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा बघा. बहुतेक गाड्यांत तो थोडा तरी हलतो. मेल्यासारखा शून्यावर असेल तर क्रँक सेन्सरवर संशय. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. तो गप्प, तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. गरम झाला की आतली तार तुटते, थंड झाला की जुळते, म्हणून तुमची पाऊण तासाची झाडाखालची बैठक. दोन पिनांचा असेल तर गरम असतानाच मीटरवर त्याचे ओहम (तारेचा रोध) मोजा. थंडपणी मोजून काही हाती लागणार नाही.

धागाकर्ता

काल मुद्दाम साताऱ्याला गेलो. सुरूरला अडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. काटा शून्यावर. थंड पाण्याचा ओला फडका सेन्सरवर धरला, हात थोडा भाजला, पाच मिनिटांत चालू! आज सेन्सर काढला तर त्याच्या कनेक्टरमध्ये तेल भरलेलं आणि एक पिन हिरवी. मिस्त्री म्हणतो नवा सेन्सर टाकू, मी म्हणालो आधी पिन साफ करून जुनाच लावा. नवा सेन्सर डिकीत ठेवलाय. रविवारी पुन्हा खंबाटकी.